‘इंट्रूजन’ची नोंद : वापर-पुस्तिकेच्या कामाची डायरी

५ जानेवारी २०२६

इंग्रजी शब्द कुठला कधी वापरायचा हे मराठीतून सांगणाऱ्या आमच्या वापर-पुस्तिकेचं ‘आय’ अक्षर निम्म्यावर आलं. इंटरफिअर आणि इंटरप्ट डिसेंबरातच उरकले होते, आज इंट्रूजन हातात घेतला. पुस्तिका ज्यांच्यासाठी आहे ती मुलं मराठी माध्यमातून बारावी होऊन बी.ए., बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला येतात. शब्दकोश त्यांच्या खिशात, मोबाइलमध्ये असतोच. तो इंट्रूजनला घुसखोरी, अतिक्रमण, शिरकाव, ढवळाढवळ, अनाहूत प्रवेश असे शब्द एका ओळीत वाढतो आणि मूल त्यातला पहिला उचलून मोकळं होतं. कुठला कधी, हे सांगणं आमच्याकडे.

मराठीच्या मॅडम म्हणाल्या, “ह्या एका शब्दाला अर्धं पान पुरे.” मी पाऊण मागून ठेवलंय.

७ जानेवारी

व्युत्पत्ती लिहून झाली. लॅटिनमध्ये ‘त्रूदेरे’ म्हणजे ढकलणे, रेटणे. त्याला ‘इन’ लागला की आत रेटणे. एक्स्ट्रूड आणि प्रोट्रूड ही त्याचीच भावंडं, पहिल्यात बाहेर रेटणं आणि दुसऱ्यात पुढे आलेलं असणं. हे मुलांना सांगायचं की नाही यावर वाद होतो दरवेळी. मॅडमना व्युत्पत्ती म्हणजे जागेची उधळपट्टी वाटते. इथं मात्र ती ठेवणार, कारण पुढचे निम्मे अर्थ त्या ‘रेटण्या’वर उभे आहेत असं दिसतंय.

स्पेलिंगला एक ओळ: क्रियापदातला ‘डी’ जातो, ‘एस’ येतो. कन्क्लूड-कन्क्लूजन, कोल्यूड-कोल्यूजन, तसंच इंट्रूड-इंट्रूजन. ‘टी’ घालणारी मुलं दरवर्षी असतात. उच्चारात शेवटचा ‘ज’ हा ‘व्हिजन’, ‘टेलिव्हिजन’मधला. मराठीत त्या आवाजाला अक्षर नाही. ‘जहाज’मधला ज नव्हे आणि ‘जेवण’मधलाही नव्हे, एवढं सांगून थांबायचं; बाकीचं कानांनी शिकावं.

१० जानेवारी

वर्गात चाचणी घेतली. शब्द फळ्यावर लिहिला, अर्थ सांगितला नाही, वाक्य करा म्हटलं. आलेल्या वाक्यांतली कामाची इथं उतरवतोय, मराठीत.

सिद्दी जौहरने पन्हाळ्यावर इंट्रूजन केलं. (वेढा होता तो, १६६० चा. सिद्दी आत आलाच नाही, बाहेर बसून राहिला. वेढ्याला ‘सीज’.)

आमच्या गल्लीत टपरीवाल्यांचं इंट्रूजन झालंय. (एन्क्रोचमेंट.)

पुराच्या पाण्याचं सुतारवाड्यात इंट्रूजन झालं. (यावर वेगळं लिहायला हवं.)

सैनिक टाकळी ह्या फौजींच्या गावच्या एका मुलाचं वाक्य कारगिलचं होतं, १९९९ चं, आणि ते अगदी बरोबर होतं. त्याच्या घरात तो शब्द इंग्रजी म्हणून नव्हे, फौजेतला म्हणूनच आला असणार. भारतीय इंग्रजीत ह्या शब्दाचा लष्करी अर्थ बाकीच्यांच्या मानानं बराच ठळक आहे. नियंत्रण रेषा ओलांडून येऊन ठाणी धरून बसले, ते इंट्रूजन. चार-दोघं अंधारात गुपचूप झिरपतात, त्याला बहुधा इन्फिल्ट्रेशन म्हणतात; त्या शब्दाच्या पोटात ‘फिल्टर’ आहे, गाळण्यातून पाझरणं. मराठी वर्तमानपत्रं दोन्हीला घुसखोरीच छापतात. हा फरक नोंदीत घ्यायचा.

टपरीवाल्याच्या वाक्यावर वर्गात बराच वेळ गेला. मुलांना ‘अतिक्रमण’ हा शब्द इतका ओळखीचा आहे की त्याचा इंग्रजी जोडीदार कुठलाही चालेल असं वाटतं. एन्क्रोचच्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधला ‘आकडा’ आहे. आकडा टाकून हळूहळू ओढून घेणं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण एन्क्रोचमेंटची. इंट्रूजनला पसरायला वेळ लागत नाही, पाय आत पडला की झालं.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. तिळगूळ द्यायला येणाऱ्यांची रीघ.

इंग्रज दुसऱ्याच्या खोलीत डोकावताना ‘सॉरी टू इंट्रूड’ म्हणतो. आपल्याकडे शेजारच्या काकी दारातूनच “हाय का कोण घरात?” म्हणतात आणि उत्तर यायच्या आत स्वयंपाकघरात असतात. तरी त्याला कुणी इंट्रूजन म्हणणार नाही. अनाहूत ठरवायचं काम येणारा करत नाही, घरचा करतो. पण इंग्रजी शिष्टाचार असा की येणाऱ्याने घरच्याच्या वतीने आधीच स्वतःला दोषी ठरवून टाकायचं. ‘सॉरी टू इंट्रूड’चं मराठी: “कामात होता का?” एवढंच. ‘घुसखोरीबद्दल क्षमस्व’ असं कुणी लिहू नये म्हणून हे नोंदीत टाकतोय.

१७ जानेवारी

शब्दयोगी अव्ययांचा दिवस. मुलांचे सगळ्यात जास्त गुण इथंच जातात.

प्रायव्हसीच्या बाबतीत इंग्रजीत दोन वाक्प्रयोग शेजारी नांदतात. इन्व्हेजन ‘ऑफ’ प्रायव्हसी, पण इंट्रूजन ‘इनटू’ किंवा ‘ऑन’ प्रायव्हसी. कारण इन्व्हेजनच्या ऑफपुढे सहसा ज्याच्यावर चाल झाली तो येतो. इंट्रूजनच्या ऑफपुढे बहुतेकदा आत शिरणारा येतो. इंट्रूजन ऑफ द प्रेस इनटू हिज लाइफ. म्हणजे ‘इंट्रूजन ऑफ प्रायव्हसी’ असं मुलगा लिहितो तेव्हा वाचणाऱ्याला क्षणभर प्रायव्हसीच कुठंतरी घुसली की काय असं वाटतं. मराठीत ‘चा-ची-चे’ दोन्हीकडे चालतो (‘शत्रूची घुसखोरी’, ‘सीमेची पायमल्ली’), म्हणून हा गोंधळ मराठी मुलांचा खास.

‘इनटू’ आणि ‘ऑन’ यांत कडक रेघ नाही. जागा, घर, क्षेत्र, खासगी बाबी असल्या की इनटूकडे कल. वेळ, एकांत, दुःख यांच्यावर ऑन किंवा अपॉन जास्त दिसतं. तरी ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या आचारसंहितेत दुःखाविषयीचं जे कलम आहे त्याचं शीर्षक ‘इंट्रूजन इनटू ग्रीफ ऑर शॉक’ असंच आहे. घरात माणूस गेलेला असताना बातमीदाराने कसं जावं, काय विचारावं, याचं ते कलम. नियम म्हणून काही न सांगता ‘दोन्ही चालतात, ऑफ मात्र शिरणाऱ्यासाठी’ एवढंच ठेवायचं.

अनेकवचन होतं. एकेक घटना मोजायची तर इंट्रूजन्स. सर्वसाधारण त्रास म्हणायचा तर एकवचन, आर्टिकलशिवाय.

२० जानेवारी

वकीलसाहेबांकडे. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाल्यापासून त्यांचा मुंबईचा फेरा वाचला आणि मोकळा वेळ मात्र आणखी कमी झाला. संध्याकाळी उशिरा भेटले.

त्यांचं पहिलंच वाक्य: “आपल्या फौजदारी कायद्यात गुन्ह्याचं नाव इंट्रूजन नाही, ट्रेसपास आहे.” बरोबर. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४४१, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३२९. मराठीत फौजदारीपात्र अतिक्रमण. त्यात नुसतं आत येणं पुरत नाही; गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. आणि गंमत अशी की रीतसर आत आलेला माणूस नंतर तसल्या हेतूने बेकायदा थांबून राहिला तरी ट्रेसपास होतो. म्हणजे कायद्यातल्या ट्रेसपासला ‘आत घुसणं’ लागतंच असं नाही. इंट्रूजन रोजच्या भाषेत उलटं: कायदा मोडलेला असो-नसो, कुणाच्या तरी निवांतपणात खीळ पडली की झालं.

मग त्यांनी ब्लॅकस्टन काढला, म्हणजे इंग्लंडच्या कायद्यावरचा त्याचा जुना ग्रंथ. १७६८ च्या तिसऱ्या खंडात जमिनीवरून हुसकावण्याचे प्रकार दिलेत, त्यात इंट्रूजन हा एक स्वतंत्र दोष. हयातभरापुरती जमीन ज्याच्याकडे होती तो मेला; त्याच्यानंतरचा हक्कदार अजून ताब्यात आलेला नाही; तेवढ्या फटीत तिऱ्हाईत येऊन बसला. ते इंट्रूजन. बाप मेल्यावर वारस येण्याआधी तिऱ्हाईत बसला तर शब्द वेगळा, ॲबेटमेंट. बसलेल्यालाच उठवला तर डिसीझिन. “आमच्या करवीर तालुक्यातल्या निम्म्या दाव्यांना हे तीन शब्द पुरतील,” वकीलसाहेब म्हणाले. तो अर्थ आज मेला आहे, पण ‘जागा रिकामी दिसली म्हणून आत’ हा त्याचा वास मला शब्दाला अजून येतो.

खरं बोलणं झालं ते खरक सिंगच्या खटल्यावर. उत्तर प्रदेशातला हा माणूस १९४१ मध्ये दरोड्याच्या प्रकरणात धरला गेला आणि पुरावा नाही म्हणून सुटला. पोलिसांनी तरी त्याची ‘हिस्ट्री शीट’, म्हणजे पाळतीची नोंद, उघडली. त्यानंतर चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री त्याच्या दारात येत, हाका मारत, त्याला उठवत. तो घरी आहे ना, एवढंच बघायला. पोलीस नियमावलीच्या २३६ व्या नियमातल्या ‘ब’ पोटकलमात तशी तरतूदच होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९६२ ला ते पोटकलम रद्द केलं. बहुमताच्या निकालपत्रात ह्या रात्रीच्या भेटींसाठी जो शब्द आला तो ट्रेसपास नव्हे, इंट्रूजन: घरात अनधिकृत शिरणं आणि त्याने माणसाला होणारा त्रास. त्याच निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मात्र मानला नाही. तो भाग २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात पुसून टाकला.

मला इथं न्यायमूर्तींच्या शब्दनिवडीचं कौतुक वाटलं. शिपाई आत आला की नुसता दारावर थाप मारून गेला, हे दुय्यम. झोप मोडली, हे मुख्य.

अमेरिकेत तर हा शब्द कायद्याच्या नावातच बसलाय. वॉरन आणि ब्रँडाइस यांचा खासगीपणाच्या हक्कावरचा लेख १८९० चा. १९६० मध्ये कायद्याचे प्राध्यापक प्रॉसर यांनी त्या हक्काच्या भंगाचे चार प्रकार पाडले, त्यातला पहिला इंट्रूजन. खिडकीतून दुर्बीण लावणं, तारेवरचं बोलणं चोरून ऐकणं हे सगळं त्यात येतं. पाऊल आत पडायची गरजच नाही. पुस्तिकेत चारही प्रकार नकोत, दुर्बीण पुरे.

२३ जानेवारी

करवीर नगर वाचन मंदिरात बसून स्कॉटलंडचं प्रकरण वाचलं. नोंदीत त्याला एक ओळ मिळेल, पण इथं लिहून ठेवतो, कारण ह्या शब्दावरून अख्खी धर्मसंस्था दुभंगल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

तिकडे गावच्या चर्चला पाळक कोण, हे ठरवायचा हक्क बहुतेक ठिकाणी जमीनदाराकडे किंवा राजाकडे. गावाला नको असलेला पाळक वरून लादला की त्याला ‘इंट्रूजन’ म्हणत. १८३४ मध्ये चर्चच्या महासभेने कायदा केला की गावातल्या बहुसंख्य कुटुंबप्रमुखांनी नकार दिला तर पाळक नेमता येणार नाही. त्याच वर्षी ऑक्टरार्डर नावाच्या गावी कसोटी लागली. जमीनदाराने एक नाव सुचवलं. त्याच्या बाजूने सही करणारे दोनच कुटुंबप्रमुख निघाले, नकार देणारे २८७. जमीनदार कोर्टात गेला आणि १८३९ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहापर्यंत जिंकला. विरोधी पक्षाचं नावच पडलं नॉन-इंट्रूजनिस्ट. शेवटी १८ मे १८४३ ला एडिंबरात थॉमस चाल्मर्स आणि त्यांच्या बाजूचे पाळक सभा सोडून बाहेर पडले. सुमारे १,२०० पैकी ४७० च्या आसपास पाळकांनी घर, पगार, चर्च सोडून फ्री चर्च काढलं. वरून पाळक नेमायची पद्धत १८७४ मध्ये गेली.

बघण्यासारखं हे की इथं आत येणारा स्वतः घुसलेला नाही. त्याला दुसऱ्याने आत ढकललाय. व्याकरणाच्या अंगानेही तसंच: पूर्वीच्या इंग्रजीत इंट्रूड सकर्मक बिनधास्त चालतं, कुणाला तरी कुठंतरी इंट्रूड करणं. रेटणं तिथं अजून उघडं दिसतं.

२७ जानेवारी

भूगोलाच्या सरांनी सकाळीच फोन केला. “तुमचा शब्द आमच्याकडे शंभर टक्के सभ्य आहे,” म्हणाले.

तापलेला शिलारस आधीच्या खडकात शिरतो आणि तिथंच थिजतो, ते इंट्रूजन. मराठी परिभाषेत अंतर्वेशन. थरांना छेदून भिंतीसारखा उभा राहिला तर डाइक, थरांच्या मधून आडवा पसरला तर सिल. १७८५ मध्ये जेम्स हटन यांनी स्कॉटलंडमधल्या ग्लेन टिल्टला ग्रॅनाइटच्या शिरा जुन्या खडकात घुसलेल्या पाहिल्या आणि ग्रॅनाइट एके काळी वितळलेला होता हे सांगायला पुरावा मिळाला. (पुन्हा स्कॉटलंड. योगायोग.)

मी विचारलं, पन्हाळ्याचं उदाहरण देऊ का? सर हसले. पन्हाळा, जोतिबा, आपल्या पायाखालचा सगळा काळा पाषाण हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर येऊन पसरलेल्या लाव्ह्याचा. म्हणजे एक्स्ट्रूजन. वरची तांबडी जांभ्याची टोपी तर नंतरच्या झिजेची. इंट्रूजन बघायचं असेल तर धुळे-नंदुरबारकडे जा, तिथं माळरानावर डाइकच्या भिंतीच्या भिंती मैलोन्‌मैल जातात. कोल्हापूरच्या मुलांना आपण एक्स्ट्रूजनवर उभे आहोत हे सांगितलं की इंट्रूजन आपोआप कळेल, असं सरांचं म्हणणं. घेतलं.

त्यांनीच रत्नागिरीकडच्या विहिरींचं सांगितलं. किनाऱ्याजवळ उपसा वाढला की भूजलात समुद्राचं पाणी सरकतं, सॉल्टवॉटर इंट्रूजन. गोडं पाणी हलकं, खारं थोडं जड, म्हणून गोडं त्याच्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. हा गिबेन-हर्झबर्गचा हिशेब. म्हणजे वरची पातळी मीटरभर उतरली की खालचं खारं ४० मीटरनं वर यायला बघतं. पंप चालवणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही, चहा खारट लागेपर्यंत.

आता पुराच्या वाक्याचं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा पात्र सोडून शहरात आली, राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी केव्हाच मागे पडली होती, त्याला इंग्रजी वर्तमानपत्राने इंट्रूजन म्हटलेलं मला आठवत नाही. फ्लड, इनंडेशन, वॉटर एंटर्ड. कारण पूर वरून पांघरूण घालतो. इंट्रूजनला एका वस्तूच्या पोटात दुसरी शिरायला लागते. इमारतीच्या भिंतीतून झिरपलेल्या पाण्याला वॉटर इंट्रूजन म्हणतात, ते त्याच न्यायाने.

३१ जानेवारी

अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दिवस. मावळतीचं ऊन महाद्वारातून गाभाऱ्यात येतं. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, अशी परंपरा. दरवर्षी किरणांच्या वाटेतल्या अडथळ्यांची चर्चा होते, इमारतींची, फलकांची.

महाद्वार रोडवर गर्दीत उभं असताना नोंदीचं एक वाक्य सुचलं. बाहेरचा उजेड बंद गाभाऱ्यात आत शिरतो, तरी इंग्रजीत ह्याला इंट्रूजन लिहिणारा माणूस सापडणार नाही, कारण लोक हात जोडून त्याची वाट बघत असतात. वाटेतल्या फलकाला मात्र एन्क्रोचमेंट किंवा ऑब्स्ट्रक्शन. मुलांना हे लगेच पटेल.

३ फेब्रुवारी

संगणकाचा अर्थ. पुतण्या आयटीत आहे, त्याला विचारून घेतला. इंट्रूजन डिटेक्शन सिस्टिम नुसती ओरडते. प्रिव्हेन्शन सिस्टिम दार लावते. ह्या कल्पनेचा पाया १९८० चा जेम्स अँडरसन यांचा अहवाल आणि १९८७ चा डोरोथी डेनिंग यांचा लेख. अँडरसन यांच्या वर्गवारीत बाहेरून शिरणारा आहेच, पण आतलाच, रीतसर पासवर्ड असलेला आणि अधिकाराबाहेर हात घालणाराही आहे. “म्हणजे काका, आमच्यात घुसखोर बऱ्याचदा पगारी असतो,” पुतण्या म्हणाला.

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यालाही विचारलं. वितळलेलं लोखंड साच्यातल्या वाळूच्या कणांत शिरतं आणि कास्टिंगचा पृष्ठभाग खरबरीत होतो, त्याला काय म्हणता? इंट्रूजन म्हणत नाहीत. पेनिट्रेशन. मला वाटत होतं की खडकाच्या न्यायाने इथंही तोच शब्द असेल. धंद्याची भाषा तर्काने चालत नाही. नोंदीत नको, पण गाळवत नाही म्हणून इथं.

६ फेब्रुवारी

दाताचा अर्थ मॅडमनी आणला, त्यांच्या नातीमुळे. पोर पायरीवर आपटली आणि वरचा दुधाचा दात हिरडीत आत गेला. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं इंट्रूजन. दुधाचा दात असला तर बरेचदा आपसूक खाली येतो, थांबून बघतात. पण तेच डॉक्टर वाकड्या दातांना तारा लावताना लांब आलेला दात मुद्दाम आत दाबतात, त्यालाही इंट्रूजनच.

इथं माझी मांडणी जागेवर बसली. तारेचं इंट्रूजन अनाहूत नाही, पैसे मोजून करून घेतलेलं आहे. म्हणजे ‘नको असलेला’ हा भाग शब्दाच्या सगळ्या अर्थांत नाही. जिथं दारात एखादा माणूस उभा आहे, घर, वेळ, दुःख, सीमा, तिथं ‘नकोसं’ पक्कं चिकटलेलं. जिथं माणूस नाही, खडक, पाणी, दात, तिथं लॅटिनमधलं नुसतं रेटणं शिल्लक राहिलंय आणि दोष कुणाचाच नाही. आतापर्यंत विषयवार लावलेली नोंद मोडून ह्या दोन भागांत लावायची.

मधल्या जागेवर एकच अर्थ लटकतो: मनातले इंट्रूसिव्ह विचार. मानसोपचाराच्या २०१३ च्या डीएसएम-५ ह्या निदान-पुस्तिकेत आघातानंतरच्या लक्षणांचा एक गटच इंट्रूजनचा आहे. नको असताना परत परत येणाऱ्या आठवणी, स्वप्नं. शिरणारा आणि घरचा मालक एकच. मॅडमचं मत, हा पहिल्या भागात. माझंही.

९ फेब्रुवारी

मराठी प्रतिशब्द नक्की केले. मॅडमनी एक नेमकी गोष्ट दाखवली: ‘घुसखोर’मधला ‘खोर’. लाचखोर, भांडखोर, चुगलखोर. हा प्रत्यय लागला की माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंच. म्हणून खाऱ्या पाण्याची घुसखोरी म्हटली की वृत्तपत्री चमत्कृती होते, शास्त्र होत नाही. ‘शिरकाव’वर आरोप नाही, साथीचा शिरकाव, पाण्याचा शिरकाव, उसाच्या रानात गव्याचा शिरकाव. तेव्हा दुसऱ्या भागाला शिरकाव, खडकाला अंतर्वेशन. पहिल्या भागात सीमेला घुसखोरी, खासगी आयुष्याला ‘डोकावणं’ किंवा ‘ढवळाढवळ’, कामात-एकांतात ‘व्यत्यय’. ‘अनाहूत प्रवेश’ कुणी बोलत नाही, काढला. ‘लुडबूड’ ठेवावा असं मला वाटत होतं, पण लुडबुडीत मध्येमध्ये करणं आहे, ते मेडलिंगला जातं.

गव्याबद्दल: माणसाच्या वस्तीत गवा आला तर गव्याचा शिरकाव, आणि जंगलात माणूस गेला तर? त्याला मराठी छापील भाषेत पुन्हा अतिक्रमण. शब्द कोण निवडतं हे त्यावरून कळतं. पण ही पुस्तिका त्यासाठी नाही.

१२ फेब्रुवारी

उच्चारशास्त्रातला इंट्रूसिव्ह आर. ‘लॉ अँड ऑर्डर’ म्हणताना बरेच इंग्रज ‘लॉ-र-अँड ऑर्डर’ म्हणतात. स्पेलिंगमध्ये नसलेला र दोन स्वरांच्या मध्ये येऊन बसतो. दुसऱ्या भागात एक ओळ.

१६ फेब्रुवारी

नोंदीचा मजकूर पक्का केला, तो असा:

“इंट्रूजन, नाम. मूळ अर्थ आत रेटणे. (१) नको असताना कुणाच्या जागेत, वेळेत, खासगी आयुष्यात किंवा मनात येणे. पाऊल आत पडलंच पाहिजे असं नाही. रात्री दारावरची थाप, खिडकीवर लावलेली दुर्बीण हेही इंट्रूजन. कायदा मोडला पाहिजे असंही नाही. ज्याला त्रास झाला त्याच्या बाजूने हा शब्द वापरतात. ज्याची वाट बघतोय त्याच्या येण्याला वापरत नाहीत. किरणोत्सवातलं ऊन इंट्रूजन नव्हे. सीमेच्या संदर्भात घुसखोरी. (२) शास्त्रांत: एका वस्तूच्या आत दुसरी शिरणे. इथं चांगलं-वाईट काही नाही. खडकात शिलारस, भूजलात समुद्राचं पाणी, हिरडीत दात. आपला दख्खनचा पाषाण मात्र एक्स्ट्रूजन. शिरणाऱ्याच्या आधी ‘ऑफ’, ज्यात शिरला त्याच्या आधी ‘इनटू’ किंवा ‘ऑन’. प्रायव्हसीच्या आधी ऑफ हवा असेल तर इन्व्हेजन वापरा. तुलना: ट्रेसपास हा कायद्याचा शब्द, हेतू लागतो, एन्क्रोचमेंट हळूहळू पसरतं, इन्फिल्ट्रेशन गुपचूप झिरपतं.”

स्कॉटलंड आणि ब्लॅकस्टन दोन्ही गेले. खरक सिंगची थाप नाव न घेता राहिली.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती, पण डीटीपीवाले दादा दुपारी उघडे होते. पान ओसंडतंय. श्रीलिपीतून युनिकोडला आणताना ‘ट्रू’चा रकार कुठंतरी तरंगत होता तो त्यांनी बसवला. चार ओळी कमी करा म्हणाले. मॅडमनी फोनवर दात काढायला सांगितला. मी म्हटलं, दात काढला तर दुसरा भाग नुसता भूगोलाचा होतो. शेवटी व्युत्पत्तीची ओळ नोंदीच्या डोक्यावरून समासात सरकवली आणि दात वाचला.

वर्गाची उजळणी पुढच्या आठवड्यात, तेच पन्हाळ्याचं आणि टपरीचं वाक्य देऊन. दरम्यान इन्व्हेजन सुरू करायचा. त्याची ‘ऑफ’ची ओळ इथूनच उचलायची.